एमआरआयने कोरोनरी धमनीतला प्रवाह मोजताना आकडे इतके का हलतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. 3 टेस्लाच्या यंत्रावर एका निरोगी व्यक्तीच्या डाव्या पुढच्या उतरत्या कोरोनरी धमनीतला, म्हणजे एलएडीतला, प्रवाह फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीने, म्हणजे वाहत्या रक्ताच्या सिग्नलचा फेज (कोन) किती फिरला यावरून वेग काढून, मोजला. पहिल्यांदा 58 मिली/मिनिट आला आणि पंधरा मिनिटांनी 81. पिक्सेल 1.2 मिमी, स्लाइसची (छेदाची) जाडी 6 मिमी, व्हेंक (मोजता येणाऱ्या वेगाची मर्यादा) 150 सेंमी/सेकंद, ठोक्यातल्या एका फ्रेमला (चित्राला) 110 मिलिसेकंद, श्वास रोखून 18 सेकंद. यंत्रात बिघाड आहे का? यातला खरा आकडा कोणता? रुग्णाची धमनी किती गंभीर अरुंद झाली आहे हे यावरून सांगता येईल का? आणि स्टेंट असेल तर काय करायचं?

यंत्र बहुधा ठीक आहे. हेच सेटिंग महाधमनीवर लावलं असतं तर दोन मोजणींत फारसा फरक पडला नसता. महाधमनी 25 ते 30 मिमीची असते, एलएडी सुरुवातीला जेमतेम साडेतीन मिमीची, आणि तीही सतत हलणारी. त्यामुळे एकेक चूक वेगळी काढून दोन गोष्टी विचाराव्या लागतात: ती आकडा कुठल्या बाजूला ढकलते, आणि औषधाने हृदयावर ताण दिल्यावरचा प्रवाह भागिले विश्रांतीतला प्रवाह असं गुणोत्तर काढलं की ती कटते का. 58 खरा की 81 यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आधी पिक्सेल. साडेतीन मिमी व्यासाचं क्षेत्रफळ होतं सुमारे 9.6 चौरस मिमी. 1.2 मिमीचा पिक्सेल म्हणजे 1.44 चौरस मिमी, म्हणजे अख्ख्या धमनीत तुमचे साडेसहा-सात पिक्सेल बसतात. कडेचे दोन पिक्सेल आत घेतले की बाहेर ठेवले एवढ्यावर क्षेत्रफळ 30 टक्क्यांनी बदलतं. तुमच्या 40 टक्क्यांच्या फरकातला मोठा वाटा इथूनच आलेला असू शकतो, आणि तो माऊस कोणाच्या हातात होता यावर अवलंबून आहे. चूक 10 टक्क्यांच्या आत ठेवायची तर धमनीच्या छेदात निदान 16 पिक्सेल हवेत असा ढोबळ नियम आहे. साडेतीन मिमीच्या धमनीला त्यासाठी 0.77 मिमीचा पिक्सेल लागेल. प्रत्यक्षात 0.9 वर तडजोड करावी लागते आणि बारा पिक्सेल मिळतात.

कडेच्या पिक्सेलची चूक दोन्ही बाजूंना सारखी नसते. त्या पिक्सेलमध्ये अर्धं रक्त आणि अर्धं स्थिर ऊतक असतं. स्लाइसमध्ये नव्याने शिरणारं रक्त उजळ दिसतं आणि भोवतालची चरबी आपण दाबून काळी केलेली असते. मग पिक्सेलचा फेज जवळपास पूर्णपणे रक्ताचाच येतो, क्षेत्रफळ मात्र अख्ख्या पिक्सेलचं मोजलं जातं. प्रवाह फुगतो. म्हणून लहान धमनीत पिक्सेल मोठा असला की आकडा बहुतेक वेळा वरच्या बाजूला चुकतो. ही चूक गुणाकाराची आहे. विश्रांती आणि ताण दोन्ही वेळा तोच छेद, तोच पिक्सेल आणि तशीच सीमारेषा ठेवली, तर गुणोत्तरात ती बऱ्यापैकी कटते. ताणाच्या औषधाने धमनी थोडी रुंदावते, तेवढा भाग शिल्लक राहतो.

आता हालचाल. एलएडी त्यातल्या त्यात शांत. उजवी कोरोनरी आलिंद-निलय खाचेतून (हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या) जाते आणि आकुंचनाच्या व शिथिलतेच्या सुरुवातीला सेकंदाला 10 सेंमी किंवा त्याहून वेगाने सरकते. 110 मिलिसेकंदांत ती 11 मिमी जाईल, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या तिप्पट. एलएडीसाठी 4 सेंमी/सेकंद धरला तरी तेवढ्याच वेळात 4.4 मिमी होतात. त्या फ्रेममध्ये धमनी दिसत नाही, तिचा माग दिसतो, आणि त्या मागाभोवती गोल काढून मोजलेला प्रवाह नुसता अंदाज असतो. एलएडीसाठी फ्रेम 60 ते 70 मिलिसेकंदांवर आणावी. उजवीसाठी 30 च्या आसपास लागते. म्हणूनच पद्धत बसवताना आधी एलएडी हातात घ्यावी आणि उजवीच्या नादी नंतर लागावं.

श्वासाचा भाग बरेच जण कमी लेखतात. मध्यपडदा 10 मिमी सरकला तर हृदय त्याच दिशेने साधारण 6 मिमी सरकतं. दोन मोजणींत व्यक्तीने श्वास वेगवेगळ्या पातळीवर रोखला असेल, तर स्लाइसने एलएडी दोन वेगळ्या ठिकाणी कापली. एक छेद पहिल्या डायगोनल शाखेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला असेल तर 81 आणि 58 हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात! श्वास आत घेऊन रोखण्यापेक्षा सोडून रोखायला सांगा, कारण उच्छ्वासाच्या शेवटी मध्यपडद्याची जागा जास्त सारखी येते. प्रत्येक मोजणीच्या आधी, त्याच सूचनेवर, एक झटपट स्काउट (जागा दाखवणारं चित्र) घेऊन शाखेपासूनचं अंतर पाहा.

छेदाचा कोन हा त्याचा सख्खा भाऊ. कोन चुकला तर वेग कोसाइनने कमी होतो आणि क्षेत्रफळ तेवढंच वाढतं, म्हणून प्रवाह तोच राहतो, असं पुस्तकी गणित आहे. ते पातळ स्लाइसला लागू पडतं. 6 मिमीची स्लाइस 20 अंशांनी तिरकी असेल तर तिच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत धमनी 2.2 मिमी सरकलेली असते. साडेतीन मिमीच्या धमनीला हे फार झालं: गोल छेद लंबुळका आणि धूसर होतो. एलएडीच्या लांबीतून जाणारी, एकमेकींना काटकोनात असलेली दोन दृश्यं घ्या आणि दोन्हींत लंब असलेली स्लाइस ठेवा. ती दृश्यं मध्य-डायस्टोलची, म्हणजे हृदय शिथिल असतानाची, असली पाहिजेत. सिस्टोलमधल्या (आकुंचनातल्या) चित्रावर आखलेला काटकोन डायस्टोलमध्ये काटकोन राहत नाही, आणि डाव्या कोरोनरीतला बहुतेक प्रवाह डायस्टोलमध्येच असतो.

व्हेंक 150 ठेवायचं कारण नव्हतं. व्हेंक म्हणजे ज्या वेगाला फेज बरोबर 180 अंश फिरतो तो वेग. त्यापेक्षा वेगवान रक्त उलट दिशेने वाहताना दिसतं. या भीतीपोटी मर्यादा उंच ठेवली जाते. पण वेगातला गोंगाट व्हेंकच्या प्रमाणात वाढतो: सुमारे 0.45 गुणिले व्हेंक, भागिले प्रतिमेचं सिग्नल-गोंगाट गुणोत्तर. ते गुणोत्तर 15 असेल तर व्हेंक 150 ला एका पिक्सेलमधला गोंगाट 4.5 सेंमी/सेकंद येतो आणि 60 ला 1.8. विश्रांतीत एलएडीतला पूर्ण ठोक्याचा सरासरी वेगच 10 ते 15 सेंमी/सेकंद असतो, त्यापुढे साडेचार काही थोडा नाही. निरोगी एलएडीला विश्रांतीत 50 ते 60 वरून सुरुवात करावी, ताणात 100 ते 120. एखाददुसऱ्या फ्रेमच्या मध्यभागी फेज उलटला तर तो नंतर उलगडता येतो. गोंगाट मात्र मागाहून काढता येत नाही.

या सगळ्याचा हिशेब एकदा कागदावर करावा, कारण स्कॅनरसमोर बसून तो जमत नाही. फेजच्या दिशेने दृश्यक्षेत्र 200 मिमी आणि पिक्सेल 0.9 मिमी घेतला तर 222 ओळी लागतात. पॅरलल इमेजिंग (अनेक कॉइल वापरून कमी ओळींत चित्र बांधणं) दुप्पट केलं की 111, म्हणजे 112 धरा. टीआर (दोन उत्तेजनांमधला वेळ) 5.5 मिलिसेकंद आणि प्रत्येक ओळ दोनदा, एकदा संदर्भासाठी आणि एकदा वेगासाठी. एका ठोक्यात फ्रेममागे 6 ओळी घेतल्या तर फ्रेम 66 मिलिसेकंदांची होते आणि 19 ठोके लागतात. नाडी 60 असेल तर 19 सेकंद. बहुतेकांना जमतं. 4 ओळी घेतल्या तर फ्रेम 44 मिलिसेकंदांवर येते, पण 28 ठोके लागतात आणि शेवटच्या काही सेकंदांत मध्यपडदा हळूहळू सरकू लागतो. व्यक्तीला आपण श्वास सोडला असं वाटतही नाही, प्रतिमा मात्र धूसर होते. अशा वेळी नेव्हिगेटर (मध्यपडद्याच्या जागेवर नजर ठेवणारी सोय) लावून मोकळ्या श्वासात 5 मिमीच्या खिडकीने घेणं बरं. काही मिनिटं जास्त जातात, विश्रांतीच्या मोजणीला ती परवडतात. चरबी दाबणं किंवा फक्त पाण्याला उत्तेजित करणं अजिबात वगळू नका. धमनी चरबीतच रुतलेली असते आणि 3 टेस्लाला चरबी व पाणी यांच्यात साधारण 440 हर्ट्झचं अंतर पडतं, त्यामुळे चरबीचं सरकलेलं चित्र नेमकं धमनीवर येऊन बसतं.

गेटिंग (मोजणी ठोक्याशी जुळवणं) रेट्रोस्पेक्टिव्ह ठेवा, म्हणजे सतत मोजून नंतर ईसीजीप्रमाणे फ्रेम लावा. प्रॉस्पेक्टिव्ह ट्रिगरमध्ये, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या सुरुवातीला मोजणी सुरू करताना, ठोक्याचा शेवटचा 10-15 टक्के भाग मोजलाच जात नाही. महाधमनीत तेव्हा जवळपास काहीच वाहत नसतं, म्हणून तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. एलएडीत त्या वेळी प्रवाह चालू असतो. ईसीजी लहरी असेल, आलिंदाचं फिब्रिलेशन असेल, तर ही मोजणी करूच नये.

आता जी चूक गुणोत्तरात कटत नाही तिच्याकडे येऊ. ग्रेडियंट (यंत्राची बदलती चुंबकीय क्षेत्रं) चालू-बंद होताना एडी करंट (यंत्राच्या धातूतले प्रेरित विद्युतप्रवाह) तयार होतात आणि स्थिर ऊतकालाही थोडा खोटा वेग चिकटतो. मॅक्सवेल पदांची (ग्रेडियंटसोबत येणाऱ्या अनुषंगिक क्षेत्रांमुळे होणाऱ्या चुकीची) दुरुस्ती यंत्र सहसा स्वतः करतं, पण एडी करंटचा काही अंश उरतोच. हा उरलेला वेग 1 सेंमी/सेकंद धरा. एलएडीच्या 0.096 चौरस सेंमी क्षेत्रफळावर तो मिनिटाला 5.8 मिलीची भर घालतो. खरे आकडे विश्रांतीत 58 आणि ताणात 174 असतील, तर दिसतील 64 आणि 180. खरं गुणोत्तर 3.0, मोजलेलं 2.8. इथवर चालून जाईल. कोरोनरी सायनसकडे (हृदयस्नायूचं रक्त गोळा करणाऱ्या मोठ्या शिरेकडे) वळल्यावर हीच चूक किती महागात जाते ते पुढे येतं.

ती काढायची नेहमीची युक्ती म्हणजे छातीच्या भिंतीतलं स्थिर ऊतक घेऊन त्यावरून एक पृष्ठभाग बसवणं. इथे ती नीट चालत नाही. दृश्यक्षेत्र लहान आहे, छातीची भिंत हृदयापासून दूर आहे आणि तिच्यातली चरबी आपणच काळी करून टाकली आहे. काळ्या पिक्सेलचा फेज म्हणजे निव्वळ गोंगाट. दोन मार्ग उरतात. तपासणीनंतर टेबलावर जेलचा स्थिर फँटम (चाचणीचा नमुना) ठेवून, तीच स्लाइस, तेच सगळे आकडे आणि खोटा ईसीजी देऊन पुन्हा मोजायचं आणि आलेला वेग वजा करायचा. पाण्याची बाटली असेल तर हलवून ठेवल्यावर काही मिनिटं थांबा, आतलं पाणी फिरतच असतं.

दुसरा मार्ग फुकटचा आहे आणि मला तोच जास्त आवडतो. धमनीला लागून असलेल्या हृदयस्नायूत एक लहान वर्तुळ काढा आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याचा वेग धमनीच्या वेगातून वजा करा. हृदय स्लाइसमधून आरपार सरकतं, तो खोटा प्रवाह याने जातो. शिवाय पूर्ण ठोक्यात स्नायू जिथून निघाला तिथेच परत येतो, त्यामुळे त्याच्या वेगाची पूर्ण ठोक्यावरची बेरीज शून्याजवळ यायला हवी. ती येत नसेल तर उरलेली बेरीज म्हणजे बहुतांशी एडी करंटचा खोटा वेग, आणि तो नेमका आपल्याला हवा त्या जागी मोजून मिळाला. फक्त डायस्टोलच्या फ्रेम घेतल्या तर ही कसोटी लागू होत नाही, कारण अर्ध्या ठोक्यात स्नायू परत आलेला नसतो.

सीमारेषा आखताना मॅग्निट्यूड (उजळपणाच्या) प्रतिमेवरच आखा. फेज प्रतिमेत रंग छान दिसतात, पण गोंगाटालाही छान रंग असतात. एका स्वच्छ डायस्टोलिक फ्रेममध्ये आकार ठरवा, पुढच्या फ्रेममध्ये तोच आकार फक्त सरकवा आणि अगदी उघड फरक दिसला तरच लहानमोठा करा. दोघांनी एकमेकांचे आकडे न बघता आखावं. सुरुवातीच्या दहा तपासण्यांत दोघांतला फरक 15 टक्क्यांच्या वर जात असेल तर आधी पिक्सेल आणि छेद सुधारा.

ताणाची मोजणी ही वेगळीच तपासणी समजा. एडिनोसिन (कोरोनरी वाहिन्या रुंदावणारं औषध) 140 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट देतात आणि साधारण तिसऱ्या मिनिटापासून मोजतात. डॉक्टर हजर हवेत. दमा, पेसमेकर नसलेला दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक आणि खूप कमी रक्तदाब असलेल्यांना ते देत नाहीत. चहा, कॉफी आणि कॅफिन असलेली औषधं 24 तास बंद ठेवा, नाहीतर औषधाचा परिणाम दबतो आणि निरोगी माणसाचं गुणोत्तर रोग्यासारखं येतं. नाडी 60 वरून 90 वर गेली तर ठोका 667 मिलिसेकंदांचा होतो. 66 मिलिसेकंदांच्या फ्रेमने अख्ख्या डायस्टोलमध्ये चार-पाचच बिंदू मिळतात आणि हालचालीचा धूसरपणा वाढतो. तो विश्रांतीत तितका नव्हता, म्हणजे ही चूकही कटत नाही. फ्रेममागे 5 ओळी घ्या: फ्रेम 55 मिलिसेकंद, 23 ठोके, नाडी 90 असताना सुमारे 15 सेकंद. एडिनोसिनने धाप लागते, त्यापेक्षा जास्त वेळ श्वास रोखायला सांगण्यात अर्थ नाही. व्हेंक, ओळींची संख्या आणि स्लाइसची जागा औषध सुरू करण्याआधीच भरून तयार ठेवा. औषध चालू असताना मेन्यू शोधत बसायला वेळ नसतो.

एकट्या एलएडीवर अडून बसायला हवं का, हे तुमच्या हेतूवर ठरेल. संपूर्ण डाव्या निलयाचा प्रवाह किंवा सूक्ष्म रक्तवाहिन्यांची राखीव क्षमता हवी असेल तर कोरोनरी सायनस मोजा. डाव्या निलयातलं बहुतेक शिरेचं रक्त तिथे येतं आणि ती 8 ते 10 मिमी रुंद असते, त्यामुळे पिक्सेलचा प्रश्न मिटतो. मिलीचा आकडा सिने (हलत्या) प्रतिमांतून काढलेल्या डाव्या निलयाच्या वस्तुमानाने भागला की मिली/मिनिट/ग्रॅम मिळतात. विश्रांतीत 0.7 ते 1.0 च्या आसपास यावेत. 0.3 किंवा 2 आले तर आधी मोजणीवर संशय घ्या, माणसावर नंतर.

पण सायनसमधला सरासरी वेग फार कमी असतो, आणि इथे मघाचा 1 सेंमी/सेकंद भारी पडतो. 8 मिमी व्यासाचं क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंमी, म्हणजे चूक मिनिटाला 30 मिली. खरे आकडे 120 आणि 360 असतील तर अधिक चुकीने 150 आणि 390 दिसतात, गुणोत्तर 2.6. उणे चुकीने 90 आणि 330, गुणोत्तर 3.7. तीच व्यक्ती, तेच हृदय. सायनस मोजताना फेजची पार्श्वभूमी दुरुस्त केली नसेल तर तो आकडा कोणाला दाखवू नये. मोठी रक्तवाहिनी म्हणजे सोपी मोजणी असं समजून लोक इथे गाफील राहतात.

याच ओघात दोन पर्याय बाजूला काढतो. महाधमनीत कोरोनरीच्या आधी आणि नंतर मोजून वजाबाकी करावी, ही कल्पना वरवर सुरेख वाटते. कोरोनरी प्रवाह हृदयाच्या एकूण उत्सर्जनाच्या 4-5 टक्के असतो आणि महाधमनीच्या मोजणीतली चूकच तेवढी असते. फोर-डी फ्लोचा (तिन्ही मितींत, वेळेनुसार प्रवाह मोजणाऱ्या पद्धतीचा) पिक्सेल सहसा 2 मिमीच्या वर असतो, म्हणजे एलएडीच्या रुंदीत दोनही बसत नाहीत.

अरुंदपणाच्या गांभीर्याचं काय? विश्रांतीतल्या आकड्यावरून काहीही सांगू नका. धमनी अरुंद झाली की पुढच्या सूक्ष्म वाहिन्या रुंदावून प्रवाह टिकवून धरतात. विश्रांतीतला प्रवाह घटायला व्यास सुमारे 85 टक्क्यांनी कमी व्हावा लागतो, ताणातला प्रवाह मात्र 50 टक्क्यांच्या आसपासच घटू लागतो. म्हणून ताणाशिवाय ही तपासणी अपुरी आहे. गुणोत्तर 2 च्या खाली असेल तर काहीतरी बिघडलं आहे एवढं म्हणता येतं. बिघाड मोठ्या धमनीत आहे की सूक्ष्म वाहिन्यांत, हे त्या एका आकड्यात दिसत नाही. विश्रांतीतला प्रवाह ताप, रक्तक्षय किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळे आधीच चढलेला असेल तरीही गुणोत्तर कमी येतं. त्यासाठी नाडी आणि सिस्टोलिक दाब यांचा गुणाकार दोन्ही वेळा नोंदवून ठेवा. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय घ्यायचा असेल तर गॅडोलिनियम (प्रतिमा उजळवणारं द्रव्य) देऊन केलेली स्ट्रेस परफ्यूजन एमआरआय, म्हणजे ताणात हृदयस्नायूत रक्त कसं पोहोचतं ते दाखवणारी, जास्त पक्की आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआर-इन्फॉर्म चाचणीत, स्थिर छातीदुखीच्या रुग्णांत, तिच्यावर आधारलेले निर्णय प्रेशर वायरच्या एफएफआरवर (अरुंद जागेच्या पुढचा आणि आधीचा दाब यांच्या गुणोत्तरावर) आधारलेल्या निर्णयांपेक्षा एका वर्षाच्या परिणामांत कमी ठरले नाहीत. एलएडीचा थेट प्रवाह हे आजही मुख्यतः संशोधनाचं माप आहे.

तुमच्याच यंत्रावर पुढचं पाऊल म्हणून आधी फँटम करा. 3.5 मिमी आतल्या व्यासाची नळी, स्थिर गतीचा पंप, आणि बाहेर पडणारं पाणी मोजपात्रात घेऊन घड्याळ लावून मोजायचं. 40, 80, 160 मिली/मिनिट अशा तीन पातळ्यांवर 0.9 आणि 1.2 मिमी दोन्ही पिक्सेलने मोजा. 1.2 चा आकडा किती फुगतो ते तुमच्याच यंत्राचं दिसेल. मग त्याच व्यक्तीला टेबलावरून उठवून पुन्हा झोपवून, स्लाइस नव्याने आखून मोजा. न उठवता सलग दोनदा मोजलं तर फरक कमीच दिसतो आणि उगाच विश्वास वाढतो.

स्टेंटच्या आत मोजू नका. धातूमुळे सिग्नलच जातो आणि कडांवर फेज बिघडतो. स्टेंट संपल्यावर मॅग्निट्यूड प्रतिमेत धमनी पुन्हा स्वच्छ गोल दिसू लागते तिथे, पुढच्या शाखेच्या अलीकडे, छेद घ्या. तेवढी सरळ जागा मिळत नसेल तर कोरोनरी सायनसवर जा. बायपासची शिरेची कलमं त्या मानाने सोपी: 4-5 मिमी रुंद, सरळ आणि कमी हलणारी. फक्त शस्त्रक्रियेतल्या धातूच्या क्लिपांपासून दूर राहा.